डॉकर-कंपोज काढण्याआधी: सर्व्हर मॅन्युअल दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

५ जानेवारी २०२६, सोमवार

आजपासून काम सुरू. आमच्या यंत्रमाग-हिशेबाच्या प्रोग्रामचं सगळं सर्व्हर मॅन्युअल जुन्या 'डॉकर-कंपोज' कमांडवर लिहिलेलं आहे, मधल्या डॅशसकट. डॉकर म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' या बंद डब्यांत चालवणारं साधन, आणि ही कमांड असे अनेक कंटेनर एकदम उभे करते. ती कमांड २८ फेब्रुवारीला आमच्या सर्व्हर इमेजमधून, म्हणजे सर्व्हरच्या तयार साच्यातून, निघणार. तिच्या जागी 'डॉकर कंपोज', म्हणजे डॅश जाऊन तिथे स्पेस. मॅन्युअल त्याच्या दोन आठवडे आधी, १४ फेब्रुवारीला, गिऱ्हाइकांच्या हातात पडलं पाहिजे. मार्चमध्ये कुणाच्याही सर्व्हरला हात लावायचा नाही हे ठरलेलंच आहे, वर्षअखेरीचे हिशेब चालू असतात.

बघायला एका डॅशचा फरक आहे, पण आतला प्रोग्राम पूर्ण वेगळा. जुना पायथनमध्ये लिहिलेला. २०१४ मध्ये डॉकरने ऑर्चर्ड ही कंपनी घेतली, तिच्या 'फिग' या साधनातून तो आला. नवा 'गो' भाषेत लिहिलेला आणि डॉकरच्या मूळ कमांडला प्लगइन म्हणून जोडलेला. नवा एप्रिल २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जुन्याला जुलै २०२३ पासून दुरुस्त्या येणं थांबलं. आता तर नव्या डॉकर इंजिनवर जुना १.२९.२ आवृत्तीचा कंपोज कंटेनर परत उभा करायला गेला की 'कीएरर: कंटेनरकॉन्फिग' म्हणून कोसळतो. कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्या इमेजच्या माहितीतला जो रकाना तो शोधतो, तो रकानाच इंजिनने काढून टाकलाय. सपोर्टला हा फोन सारखा येतो. त्यामुळे कमांड काढायची की नाही यावर चर्चा उरलेलीच नाही. मॅन्युअल तिच्या आधी पोचतं का, एवढाच प्रश्न आहे.

६ जानेवारी, मंगळवार

सगळ्या पानांत शोध मारला. 'बदला सगळं' हे बटण दाबायचं नाही, असं सकाळीच ठरवलं. कारण 'डॉकर-कंपोज' ही अक्षरं आमच्या पानांवर निरनिराळ्या कामांसाठी येतात. कमांड म्हणून येतात तिथे बदलायची. कोणते कंटेनर उभे करायचे हे जिच्यात लिहिलेलं असतं त्या फाइलच्या नावात येतात, डॉकर-कंपोज डॉट वायएमएल, तिथे अजिबात बदलायची नाहीत. नवी कमांड हे नाव आजही वाचते आणि प्रत्येक कारखान्यातल्या मशीनवर फाइल याच नावाने पडलेली आहे. पॅकेजच्या नावातही तीच अक्षरं आहेत. डॉकरच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजं उतरवायच्या जागेवरून) घेतलं तर 'डॉकर-कंपोज-प्लगइन', उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रिपॉझिटरीतून घेतलं तर 'डॉकर-कंपोज-व्ही२'. सरसकट डॅश उडवला तर अशी पॅकेजं तयार होतील जी जगात कुठेच नाहीत, आणि इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पानावर माणूस अडकेल.

खरी काळजी मात्र ज्या ओळींत 'कंपोज' हा शब्दच नाही त्यांची आहे. जुनी कमांड कंटेनरचं नाव अंडरस्कोरने जोडायची: माग_डीबी_१ (डीबी म्हणजे डेटाबेस). नवी डॅशने जोडते: माग-डीबी-१. आमच्या बॅकअपच्या, लॉग बघण्याच्या आणि पासवर्ड बदलण्याच्या पानांवर हे नाव थेट लिहिलेलं आहे. शोध 'कंपोज'चा मारला तर यातली एकही ओळ सापडत नाही. दुपारी 'माग_' असा वेगळा शोध मारून नवी यादी केली. तीच यादी आता मुख्य मानायची.

९ जानेवारी, शुक्रवार

आजचा पूर्ण दिवस बॅकअपच्या पानावर. तो तसा जायलाच हवा होता, कारण या मॅन्युअलमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच.

आत्ताची ओळ थोडक्यात अशी: रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या साधनाने) 'डॉकर एक्झेक माग_डीबी_१ पीजी_डंप' चालवायचं, म्हणजे कंटेनरमधल्या डेटाबेसची प्रत काढायची, निघेल ते पाइपने जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात घालायचं आणि त्या तारखेच्या फाइलमध्ये टाकायचं. चाचणीच्या मशीनवर नव्या कमांडने कंटेनर उभे केले आणि हीच ओळ आहे तशी चालवली. 'असा कंटेनर नाही' हा संदेश क्रॉनच्या पोटात गेला, स्क्रीनवर काहीच आलं नाही. फाइल मात्र तयार झाली. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार २० बाइट. जीझिपला काहीच दिलं नाही तरी तो आपला रिकामा डबा बांधून देतो, त्याचा आकार २० बाइट भरतो. वरून, पाइपने जोडलेल्या ओळीचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. जीझिप यशस्वी, म्हणून अख्खी ओळ यशस्वी.

मुनीम सकाळी येऊन फोल्डर उघडतात, आजच्या तारखेची फाइल आहे ना एवढं बघतात आणि बंद करतात. त्यांना आम्हीच तसं शिकवलंय. म्हणजे कमांड बदलल्यावर महिनाभर रोज फाइल बनेल, रोज ती बघितली जाईल आणि एकीतही हिशेब नसेल. डिस्क गेल्याशिवाय ते कळणार नाही.

नवी ओळ सर्व्हिसच्या, म्हणजे कंपोज फाइलमध्ये दिलेल्या, नावाने लिहिली: आधी माग फोल्डरात जायचं, मग 'डॉकर कंपोज एक्झेक -टी डीबी पीजी_डंप'. कंटेनरच्या नावाशी हिचा संबंधच नाही, त्यामुळे डॅश असो की अंडरस्कोर, फरक पडत नाही. '-टी' का, हेही एका वाक्यात लिहिलं: क्रॉनला समोर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, नसते, '-टी' दिलं नाही तर कमांड टर्मिनल मागते. आणि पानाच्या वरच्या बाजूला, कमांडच्याही आधी, नवा परिच्छेद: फाइल आहे का हे बघू नका, फाइल किती मोठी आहे ते बघा. कालच्यापेक्षा आजची एकदम लहान असेल तर त्याच दिवशी फोन करा. स्क्रिप्टमध्येही आकाराची तपासणी घातली, पण माणसाच्या डोळ्याची सवय बदलणं मला जास्त मोलाचं वाटतं.

१० जानेवारी, शनिवार

नेटवर्क आणि व्हॉल्यूमची (डेटा साठवण्याच्या जागेची) नावं तपासली. इथे नव्या कमांडनेही अंडरस्कोरच ठेवलाय: माग_डीफॉल्ट, माग_डीबीडेटा. म्हणजे जुन्या कमांडने साठवलेला डेटा नवी कमांड त्याच नावाने उचलते. 'माझा डेटा जाईल का' हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार, म्हणून उत्तर पहिल्या पानावर. सोबत ठळक अक्षरांत सूचना: कंटेनर बंद करून काढणाऱ्या 'डाऊन'च्या पुढे '-व्ही' कधीही लावू नका, त्याने व्हॉल्यूमच पुसला जातो.

१३ जानेवारी, मंगळवार

सिद्धेश्वर यात्रा. आज अक्षता सोहळा, अर्धं ऑफिस नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. कारखानेही बंद, फोन नाही. संक्रांत झाल्यावर पुढचं.

१७ जानेवारी, शनिवार

कंपोज फाइलच्या डोक्यावरची 'व्हर्जन' ओळ. नवी कमांड ही ओळ वाचत नाही आणि प्रत्येक वेळी इशारा देते, ही ओळ आता कालबाह्य आहे म्हणून. सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं की नमुना फाइलमधून ती आजच काढून टाकू, इशाऱ्याचे फोन वाचतील.

मी थांबवलं. उबुंटू २०.०४ सोबत जो जुना कंपोज येत होता तो १.२५. व्हर्जन ओळ नसली तरी चालेल ही सोय १.२७ पासून आली. त्याआधीचा कंपोज ओळ दिसली नाही की फाइल अगदी पहिल्या पद्धतीची समजतो आणि 'सर्व्हिसेस' या मथळ्यालाच एका सर्व्हिसचं नाव मानून एररचा संदेश देतो. आमच्या काही गिऱ्हाइकांची मशीनं अजून २०.०४ वर आहेत. त्यांनी नवी नमुना फाइल उतरवली आणि कमांड जुनीच चालवली तर प्रोग्राम उभाच राहणार नाही. म्हणून क्रम पक्का केला: आधी सगळीकडे कमांड बदलेल, जुनी कमांड निघेल आणि मगच व्हर्जनची ओळ जाईल. तोपर्यंत इशारा दिसला तर दिसू दे. त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये सांगायचा.

मॅडमना पटलं. त्यांनी स्वतःच या क्रमाची नोंद इमेजच्या कामात घातली.

२० जानेवारी, मंगळवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात गेले होते. मॅन्युअल तिथे वापरतात कसं, ते बघायचं होतं.

मॅन्युअल वापरतच नाहीत. वापरतात ते कार्ड. आम्ही पूर्वी दिलेलं, लॅमिनेट केलेलं, कॉम्प्युटरच्या मागच्या कपाटाच्या दाराला चिकटपट्टीने लावलेलं. कडा पिवळ्या पडल्यात, वरच्या कोपऱ्यात कुणीतरी स्केच पेनने 'आधी इन्व्हर्टर बघा' लिहिलंय. चौथ्या ओळीखाली बोटाच्या घासण्याने लॅमिनेशन धुरकट झालंय, कारण लाइट गेली-आली की तीच ओळ मारावी लागते: 'डॉकर-कंपोज अप -डी'. मागांचा आवाज एवढा, की शेजारी बसूनही मोठ्यानं बोलावं लागतं. सपोर्टवाला फोनवर 'डॅश नाही, स्पेस' सांगणार आणि ते इथे ऐकू येणार, हे शक्य नाही.

मुनीम अण्णा म्हणाले, "कार्डावर जे हाय ते मी मारतो. त्याच्यापुढं मला काय म्हाईत नाही."

"अण्णा, फेब्रुवारीनंतर ही ओळ बदलणार आहे."

"मग कार्ड बदलून द्या की. फोनवर सांगू नका. फोनवर सांगितलेलं रात्री ध्यानात राहत नाही."

आणि जाता जाता: "जुनं कार्ड काढून न्या तुम्हीच. दोन्ही राहिली तर पोरं जुनंच बघतील."

परत आल्यावर कामाची यादी उलटी केली. कार्ड पहिलं, मॅन्युअल त्याच्यानंतर. नवं कार्ड देणाऱ्याने जुनं परत आणायचं, हेही यादीत.

२२ जानेवारी, गुरुवार

कार्डाचा आराखडा. जुन्या कमांडमध्ये डॅश होता, तो शब्दाला धरून ठेवायचा. नवीत स्पेस आहे आणि अरुंद रकान्यात ओळ नेमकी तिथे तुटते: वर 'डॉकर', खाली 'कंपोज अप -डी'. ओळ संपली की एंटर मारायचं असं वाचणाऱ्याला वाटणारच. नुसतं 'डॉकर' मारलं तर स्क्रीनभर मदतीचा मजकूर धावतो आणि माणूस घाबरून मशीन बंद करतो. म्हणून कार्ड आडवं केलं आणि प्रत्येक कमांडला अखंड ओळ, स्वतंत्र चौकट दिली. जिथे स्पेस द्यायची तिथे फिकट रंगाचा लहान चौकोन छापला आणि खाली लिहिलं: चौकोनाच्या जागी स्पेस बार एकदा दाबा.

वर्ड प्रोसेसरने दोन डॅशचा एक लांब डॅश करून टाकलेल्या जागाही सापडल्या. त्या कॉपी करून मारल्या तर चालत नाहीत. सगळ्या कमांड आता साध्या मजकुराच्या फाइलमधून येतील, हाताने कुणी टाइप करायच्या नाहीत.

पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी कार्ड तेलुगूतही करायचं ठरलं. कमांड तीच, सूचना तेलुगूत. सपोर्टमधल्या एकीच्या घरी तेलुगूच बोलतात, तिने मजकूर घेतला.

२७ जानेवारी, मंगळवार

जुन्या कमांडच्या जागी काय ठेवायचं, यावर मॅडमशी बसून बोललो. काहीच ठेवू नये असं त्यांचं मत. "काढायचं तर काढा. अर्धवट ठेवलं की कुणीच बदलत नाही." त्यात तथ्य आहे. पण २८ फेब्रुवारी ते मार्चअखेर हा काळ असा, की रात्री अकराला बिलं काढत बसलेल्या माणसाला 'कमांड सापडली नाही' एवढंच दाखवून सोडून देणं मला मान्य नाही.

उपनाव, म्हणजे एलियस, करून देऊ असंही कुणी सुचवलं. ते नको, कारण टर्मिनलवर बसलेल्या माणसाला एलियस मिळतो पण क्रॉनला मिळत नाही, आणि आमची भीती क्रॉनचीच आहे. डॉकरचं स्वतःचं 'कंपोज स्विच' हे साधन आहे, जुनी कमांड नवीकडे वळवून देणारं. ते चांगलं आहे, पण आम्हाला संदेश मराठीत हवा आणि कोणत्या मशीनवर जुनी ओळ अजून चालते याची नोंदही हवी.

शेवटी ठरलं ते असं. जुना पायथन प्रोग्राम पूर्ण निघेल. त्याच्या नावाने एक लहान स्क्रिप्ट राहील. १५ एप्रिलपर्यंत ती काम नव्या कमांडकडे देईल, तारखेसह नोंद करेल आणि इशारा देईल: 'ही कमांड बंद झाली आहे. डॅशच्या जागी स्पेस द्या. नवीन कार्ड बघा.' १६ एप्रिलपासून ती फक्त संदेश देईल, काम करणार नाही आणि अपयशाचा कोड परत करेल, म्हणजे क्रॉनलाही कळेल.

यातला एक तपशील मी लिहून घ्यायला लावला: इशारा स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका दाखवायच्या वेगळ्या वाटेने, जायला हवा. तो साध्या आउटपुटवर गेला तर जुन्या कमांडने काढलेल्या बॅकअप फाइलमध्ये पहिलंच वाक्य आमचा मराठी इशारा असेल आणि फाइल परत चढवताना तिथेच अडेल. मॅडमनी त्याची वेगळी चाचणी लिहिली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या पानांचं काय करायचं? पुसायची नाहीत. अडचणीतला माणूस शोधताना जुनं नावच टाकतो. त्याच्या स्क्रीनवर तेच असतं, जुन्या कार्डावरही तेच असतं. 'डॉकर-कंपोज' शोधल्यावर शून्य निकाल आले तर आम्ही त्याला वाऱ्यावर सोडलं असं होईल. म्हणून जुन्या कमांडचं नाव असलेलं एक पान कायम राहील: डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी, बस. 'कीएरर: कंटेनरकॉन्फिग' हा संदेशही जसाच्या तसा मथळा म्हणून ठेवला, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात.

'डॉकर-कंपोज स्केल', एकाच सर्व्हिसच्या अनेक प्रती चालवणारा, वेगळा घ्यावा लागला. नव्यात तो 'अप'च्या पुढे '--स्केल' असा लिहिणं बरं. वापरणारे थोडेच, पण तक्त्यात ओळ हवी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचून बघण्याची चाचणी. सपोर्टला नुकताच लागलेला मोहोळचा मुलगा, शिक्षण बी.कॉम., डॉकर हा शब्द इथेच पहिल्यांदा ऐकलेला. त्याला रिकामं मशीन, मॅन्युअल आणि कार्ड दिलं. मदत करायची नाही असं ठरवून आम्ही मागे बसलो.

व्हर्जनच्या इशाऱ्यापाशी तो थांबला. पिवळी ओळ दिसली म्हणजे काम बिघडलं असं त्याने धरलं आणि पुढची पायरी मारलीच नाही. मॅन्युअलमध्ये खुलासा होता, पण तीन परिच्छेद खाली. आता तो कमांडच्या लगेच खाली आहे: 'पिवळी ओळ येईल. काम झालेलं आहे. पुढे चला.' दुसरं, 'सर्व्हिस' आणि 'कंटेनर' हे शब्द पानावर आलटून पालटून येत होते, त्याने दोन्ही एकच समजले. बॅकअपच्या पानावरून 'कंटेनर' पूर्ण काढला. तिथे त्याची गरजच नव्हती.

बॅकअप मात्र त्याने पहिल्या फटक्यात घेतला, आणि फाइलचा आकार न सांगता बघितला. वरचा परिच्छेद वाचला जातो याची खात्री झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

इन्स्टॉलेशनचं पान. सुरुवात आता प्रश्नाने: डॉकर कुठून घेतला होता, डॉकरच्या रिपॉझिटरीतून की उबुंटूच्या? ओळखायची कमांड दिली, मग दोन रस्ते वेगळे. शेवटी 'डॉकर कंपोज व्हर्जन' मारून आकडा २ किंवा त्याच्या पुढचा आहे का, बघायचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मॅन्युअल बाहेर. मराठी कार्डं छापून आली, वाटप सोमवारपासून. तेलुगू कार्डाचं प्रूफ तपासायचं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

होटगी रोडच्या एका टॉवेल कारखान्यातून फोन: बॅकअपची फाइल कालच्यापेक्षा लहान आहे, नवीन पानावर लिहिलंय म्हणून फोन केला. बघितलं तर कमांडचा संबंध नव्हता, डिस्क भरली होती. जागा मोकळी करून दिली, रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला. हा फोन आला याचा फार आनंद झाला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सर्व्हर इमेजमधून जुना कंपोज काढला. पर्यायी स्क्रिप्ट जागेवर. चाचणी मशीनवर जुनी ओळ, नवी ओळ आणि क्रॉन तिन्ही तपासले, इशारा स्टँडर्ड एररवरच जातो. बॅकअप फाइल परत चढवून बघितली, स्वच्छ चढली.

२ मार्च, सोमवार

स्क्रिप्टच्या नोंदी उघडल्या. जुनी ओळ अजून चालते ती मुख्यतः क्रॉनमध्ये, माणसांच्या हातून फार कमी. कार्डाने आपलं काम केलंय. क्रॉनवाल्यांची यादी सपोर्टकडे दिली. बदल त्यांनी फोनवर सांगायचा नाही, गिऱ्हाइकाच्या परवानगीने स्वतः मशीनवर जाऊन ओळ बदलायची, आणि तेही वर्षअखेरीचं काम संपल्यावर. तोपर्यंत स्क्रिप्ट सांभाळून घेते आणि त्यांचे बॅकअप पूर्ण आकाराचे येताहेत, ते आज एकेक करून बघितलं.

बाकी राहिलं: तेलुगू कार्डाची छपाई, परत आलेल्या जुन्या कार्डांची मोजणी आणि नमुना फाइलमधून व्हर्जनची ओळ काढणं. शेवटचं काम २०.०४ वरची सगळी मशीनं हलल्यावरच. या कामाची नोंद, म्हणजे तिकीट, उघडं ठेवलंय, पुढची तारीख १६ एप्रिल.